साबणाचं झाड आणि मेलेल्या गोगलगाई

दिवाळीची पहिली आंघोळ म्हटली की उटणं, सुवासिक तेल आणि शिकेकाई-रिठे आलेच. इथल्या इंडियन ग्रोसरीतसुद्धा दसरा झाला की रिठ्याच्या पावडरची पाकिटं काउंटरजवळ येऊन बसतात. रिठा पाण्यात घोळला की फेस येतो, तो त्यातल्या सॅपोनिन नावाच्या द्रव्यामुळे. आपल्या आज्यांना हे नाव ठाऊक नव्हतं, पण रेशमी साडी आणि लोकरीचा स्वेटर कशात धुवायचा हे पक्कं ठाऊक होतं.

असंच एक साबणाचं झुडूप इथिओपियात आहे. त्याचं नाव एंडोड. त्याची लहान हिरवी फळं वाळवायची, कुटायची आणि त्या भुकटीने नदीवर कपडे धुवायचे, ही तिथल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. कपडे धुण्याच्या या साबणाने एका भयंकर रोगाला आळा घालता येईल, हे १९६४ साली एका तरुण शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. शोध लागायला एक दिवस पुरला. तो जगाच्या गळी उतरवायला त्याचं उरलेलं सगळं आयुष्यही पुरलं नाही. त्याची ही हकिगत.

मी डॉक्टर नाही आणि वनस्पतीशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. शिक्षण कम्प्युटर इंजिनियरिंगचं, काम कन्सल्टिंगचं. पण आम्ही राहतो ईरी सरोवराच्या काठी आणि माझं आजोळ गुहागर तालुक्यातलं. या गोष्टीचा एक धागा इथे येऊन पोचतो आणि दुसरा तिथे. म्हणून हे वाचत गेलो आणि वाचता वाचता त्यात गुंतलो.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. त्याचं शास्त्रीय नाव शिस्टोसोमियासिस, आणि ज्याने त्याचा कृमी शोधला त्या थिओडोर बिलहार्झच्या नावावरून पडलेलं दुसरं नाव बिलहार्झिया. हा जर्मन डॉक्टर कैरोत काम करत होता आणि त्याने तो कृमी १८५१ साली पाहिला. रोग मात्र फार जुना. १९१० साली मार्क आर्मंड रफर या संशोधकाला इजिप्तच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींमध्ये या कृमीची अंडी सापडली. फॅरोच्या काळातही नाईलच्या काठची माणसं लघवीतून रक्त जातंय म्हणून हवालदिल होत होती, असा त्याचा अर्थ.

या कृमीचं आयुष्य दोन घरांत विभागलेलं असतं. रोग्याच्या लघवीतून किंवा शौचातून अंडी पाण्यात पडतात. त्यातून निघालेलं सूक्ष्म पिल्लू गोड्या पाण्यातली ठराविक जातीची गोगलगाय शोधून तिच्या अंगात शिरतं. तिच्यात त्याची प्रचंड वाढ होते आणि काही आठवड्यांनी तिच्यातून रोज शेकड्यांनी, कधी हजारांनी नवी पिल्लं पाण्यात सुटतात. त्या पाण्यात कोणी कपडे धुवायला, पोहायला किंवा भात लावायला उतरलं की ती थेट कातडीतून आत जातात. पाणी प्यायलाच हवं असं नाही, पाय बुडवला तरी पुरे. पुढे वर्षानुवर्षं यकृत, प्लीहा, आतडी किंवा मूत्राशय पोखरलं जातं. मुलं अशक्त होतात, वाढ खुंटते, शाळेत लक्ष लागत नाही. माणूस पटकन मरत नाही, म्हणून त्याची बातमीही होत नाही.

गोगलगाईचा हा वाटा जपानमध्ये मियाइरी आणि सुझुकी यांनी १९१३ साली उलगडला आणि इजिप्तमधल्या जातींबद्दल रॉबर्ट लायपर यांनी १९१५ साली. तेव्हापासून एक गोष्ट स्पष्ट झाली. आमच्या धंद्यात मोठी सिस्टिम बंद पाडायची असेल तर तिच्यातला असा एकच भाग शोधतात, की जो गेला की सगळंच थांबतं. इथे तो भाग म्हणजे गोगलगाय. गोगलगाय नाही तर रोग नाही.

आता आजोळचा धागा. गुहागर तालुक्यात गिमवी नावाचं गाव आहे. १९५२ साली डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी जाहीर केलं, की या गावातल्या लोकांना लघवीतून रक्त जाण्याचा जो त्रास आहे तो बिलहार्झियाचाच. तोवर हा रोग आफ्रिकेचा आणि मध्यपूर्वेचा, भारताचा नव्हे, अशीच समजूत होती. पुढे या दोघांनी फेरिसिया टेन्युइस नावाची गोड्या पाण्यातली एक चिमुकली गोगलगाय, जेमतेम काही मिलिमीटरची, या कृमीला आसरा देते असंही दाखवलं. भारतात हा रोग आफ्रिकेसारखा पसरला नाही हे आपलं नशीब. पण कोकणातल्या एका गावाचं नाव जगभरच्या परोपजीवीशास्त्राच्या पुस्तकांत गेलं ते असं. आमच्या आजोळी कोणाला याचा पत्ताही नव्हता. मीच फोनवर सांगितलं तेव्हा मामा म्हणाले, "गिमवी? आपली गिमवी?"

तर गोगलगाय मारायची कशी? बराच काळ उत्तर होतं मोरचूद. नंतर १९६०च्या सुमारास बायर कंपनीचं निक्लोसामाइड आलं. ते थोड्या प्रमाणातही जालीम ठरतं आणि गोगलगाईची अंडीही मारतं. पण ते विकत घ्यायला परकीय चलन लागतं. ज्या देशात हा रोग, त्याच देशाची तिजोरी रिकामी. म्हणून झाडपाल्यात काही सापडतं का, याचा शोध अधूनमधून चालू होता. १९३३ साली सुदानमध्ये आर्चिबाल्ड या डॉक्टरने एका काटेरी झाडाच्या फळांनी गोगलगाई मरतात असं लिहिलं. ते झाड म्हणजे आपलं हिंगणबेट, विदर्भ-मराठवाड्याच्या माळरानावर दिसतं तेच. त्याच्या गरातही सॅपोनिन असतं. पण ती गोष्ट तिथेच थांबली.

आता अद्वा. उत्तर इथिओपियातलं हे गाव इतिहासात आधीच अमर झालेलं. १८९६ साली सम्राट दुसऱ्या मेनेलिकच्या सैन्याने इथेच इटलीच्या फौजेचा पराभव केला आणि आफ्रिका गिळायला निघालेल्या युरोपला जबर तडाखा दिला. १९६४ साली अक्लिलू लेम्मा नावाचा तिशीच्या आतबाहेरचा शास्त्रज्ञ अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉक्टरेट करून मायदेशी परतला होता आणि अद्व्याच्या ओढ्यांमधल्या गोगलगाईंची पाहणी करत होता. फिरता फिरता त्याला एक विचित्र गोष्ट दिसली. बायका जिथे कपडे धूत होत्या, तिथून प्रवाहाच्या खालच्या अंगाला मेलेल्या गोगलगाईंचा खच तरंगत होता. वरच्या अंगाला मात्र त्या जिवंत होत्या.

दुसरा कोणी असता तर ‘साबणाने मेल्या असतील’ म्हणून पुढे गेला असता. लेम्माने तिथल्या एका बाईला विनंती केली, की तुमच्या साबणाचा फेस या भांड्यात घाला. भांड्यात जिवंत गोगलगाई होत्या. थोड्या वेळात त्या मेल्या. झाला प्रयोग! ना मायक्रोस्कोप, ना अनुदान.

इथे मला थोडं थांबायचं आहे. आपल्याकडे ‘आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं’ अशा ईमेल्स दर आठवड्याला फिरतात. अद्व्याच्या बायकांना गोगलगाई मारायच्या नव्हत्या, त्यांना कपडे स्वच्छ हवे होते. गोगलगाई आणि पोटातला रोग यांचा संबंध त्यांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. तो माहीत होता लेम्माला, पण त्याच्याकडे एंडोड नव्हतं. कोणतं फळ, कधी तोडायचं, किती कुटायचं हे त्या बायकांच्या हातात होतं. शोध लागला तो या दोन अर्धवट माहित्या एका ओढ्याकाठी भेटल्या म्हणून. नुसत्या पूर्वजांनी तो लागला नसता आणि नुसत्या डॉक्टरेटनेही नाही.

पुढचं काम पद्धतशीर झालं. अदिस अबाबाच्या विद्यापीठात पॅथोबायॉलॉजीची संस्था लेम्मांनी उभी केली, आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने एंडोडमधलं मुख्य सॅपोनिन वेगळं काढलं गेलं आणि त्याला नाव मिळालं लेम्माटॉक्सिन. मग १९६९ ते १९७४ या काळात खुद्द अद्व्यातच मोठी चाचणी झाली. गावातल्या ओढ्यांमध्ये ठरावीक काळाने एंडोड सोडायचं आणि लोकांची तपासणी करत राहायचं. पाच वर्षांत लहान मुलांतलं या रोगाचं प्रमाण ५० टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आलं. सगळं गाव धरलं तर ते ६३ वरून सुमारे ३४ टक्के झालं. मोठ्यांच्या अंगात जुने कृमी वर्षानुवर्षं जगतात, त्यामुळे तो आकडा हळू उतरणारच. पण नव्याने पाण्यात पाय टाकणाऱ्या पोरांचा आकडा खरं बोलतो. आणि खर्च? माणशी वर्षाला साधारण १० सेंट.

एखाद्या प्रॉजेक्टचा पायलट इतका यशस्वी झाला की आमच्याकडे लगेच रोलआउटची तारीख ठरते. इथे तसं झालं नाही. एक तर १९७४ साली इथिओपियात राज्यक्रांती झाली, सम्राट हेले सेलासी यांना हटवलं गेलं आणि देश अस्थिर झाला. पुढे लेम्मा संयुक्त राष्ट्रांच्या सेवेत गेले. दुसरं कारण मात्र जास्त खोल होतं. मदत देणाऱ्या संस्था पैसे देणार ते जागतिक आरोग्य संघटनेचं मत पाहून, आणि मान्यतेसाठी विषारीपणाच्या चाचण्या हव्यात त्या आंतरराष्ट्रीय दर्जाच्या प्रयोगशाळेतल्या. इथिओपियात तशी प्रयोगशाळा नव्हती. बाहेर चाचण्या करायच्या तर लाखो डॉलर हवेत. ते देणार कोण, तर ज्यांना मान्यता हवी आहे तेच. आणि औषध कंपनीने तरी पैसे का घालावेत? कुंपणावर उगवणाऱ्या फळावर नफा कसा मिळवणार? असं ते चक्र. प्रोग्रॅमिंगमध्ये अशा चक्राला इन्फिनिट लूप म्हणतात, त्यातून आपोआप बाहेर पडता येत नाही.

न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. चाचण्या मागण्यात गैर काहीच नव्हतं. पाण्यात विष सोडायचं तर ते काय काय मारतं हे पाहिलंच पाहिजे. एंडोडने मासेही मरतात. गोगलगाईची अंडी त्याने नीट मरत नाहीत, म्हणून ते पुन्हा पुन्हा सोडावं लागतं. पण ते लवकर विरून जातं हा गुणही आहे, आणि मासे तर निक्लोसामाइडनेही मरतात. प्रश्न चाचण्यांचा नव्हता. त्या कोणी केल्या म्हणजे खऱ्या मानायच्या, हा होता.

तरी काम थांबलं नाही. लेगेसे वोल्दे-योहानेस या लेम्मांच्या सहकाऱ्याने इथिओपियाभर हिंडून एंडोडच्या निरनिराळ्या जाती गोळा केल्या, त्या लावून पाहिल्या आणि भरपूर फळं देणारा, जास्त प्रभावी असा ४४ क्रमांकाचा वाण निवडला. स्वाझिलँडच्या, म्हणजे आजच्या एस्वातिनीच्या, रसायनशास्त्रज्ञ लिडिया मखुबू यांनी आपल्या देशात एंडोडवर संशोधन उभं केलं. अखेर कॅनडाच्या आंतरराष्ट्रीय विकास संशोधन केंद्राने विषारीपणाच्या चाचण्यांना आधार दिला. १९८९ साली लेम्मा आणि वोल्दे-योहानेस यांना ‘राइट लाइव्हलीहूड’ हा पुरस्कार मिळाला, ज्याला पर्यायी नोबेल म्हणतात.

मधल्या काळात एक मजेशीर गोष्ट उघड झाली. १९८०च्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं, की अखंड फळातली सॅपोनिनं गोगलगाईला काहीच करत नाहीत. त्यांच्या रेणूला दोन्ही बाजूंना साखरेच्या साखळ्या असतात. फळ कुटून पाण्यात भिजवलं, की फळातलंच एन्झाइम त्यातली एक साखळी तोडतं आणि मग ते जालीम बनतं. मिथेनॉलसारख्या द्रवात अर्क काढला तर एन्झाइमच मरतं आणि अर्क निरुपयोगी होतो. थोडक्यात काय, तर उत्तम पद्धत कोणती? कुटा आणि पाण्यात भिजवा. नदीकाठच्या बायका करत होत्या तीच.

आता इथला धागा. १९८८ साली आपल्या ग्रेट लेक्समध्ये झेब्रा मसल नावाच्या परक्या शिंपल्या सापडल्या. जहाजांच्या पोटातल्या पाण्याबरोबर त्या युरोपातून आल्या होत्या. बघता बघता त्यांनी पाणी खेचणाऱ्या पाइपांची तोंडं बुजवली. १९८९ साली मिशिगनमधल्या मन्रो गावाचा पाणीपुरवठा त्यांच्यामुळे बंद पडला होता. शिंपली ही गोगलगाईची लांबची बहीण. लेम्मा १९९०च्या सुमारास ओहायोतल्या टोलेडो विद्यापीठात आले असताना तिथल्या प्राध्यापकांबरोबर त्यांनी एंडोड शिंपल्यांवर वापरून पाहिलं आणि शिंपल्या मेल्या. काही वर्षांतच त्यावर अमेरिकन पेटंट निघालं. संशोधकांमध्ये लेम्मांचं नाव होतं, पण पेटंट विद्यापीठाचं. त्या पेटंटने इथिओपियात एंडोड वापरायला कोणाला बंदी झाली नव्हती, हे खरं. तरीही मनाला लागतं ते असं, की पोरांच्या पोटासाठी पंचवीस वर्षं दारोदार फिरलेल्या फळाची किंमत पाइपांसाठी चटकन कळली. आणि पिढ्यान्‌पिढ्या ते फळ कुटणाऱ्या बायकांचा त्या कागदावर कुठेच उल्लेख नव्हता.

ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटेल. १९९५ साली हळदीने जखम भरते या ‘शोधा’वर अमेरिकेत एका विद्यापीठाला पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते. संस्थेने त्या पेटंटला आव्हान दिलं आणि १९९७ साली ते रद्द झालं. पण ते रद्द कशामुळे झालं? ‘आमच्या आजीला माहीत होतं’ एवढ्याने नाही. जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्यादाखल समोर ठेवता आले म्हणून. आपण ते कधीतरी लिहून ठेवलं होतं. अद्व्याच्या बायकांचं ज्ञान कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मग आज काय स्थिती? अक्लिलू लेम्मा १९९७ साली वारले. प्राझिक्वांटेल नावाची गोळी १९८०च्या दशकापासून आली आणि लढाईचं रूपच पालटलं. एका वेळच्या गोळ्यांनी अंगातले मोठे कृमी मरतात, आणि जर्मनीची मर्क कंपनी २००७ पासून या गोळ्या जागतिक आरोग्य संघटनेला मोफत देते. फार मोठी गोष्ट आहे ही. पण गोळी घेतलेलं मूल दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्यात उतरलं तर रोग परत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०२१ साली जगात २५ कोटींहून जास्त लोकांना या रोगासाठी प्रतिबंधक औषधाची गरज होती, त्यातले बहुतेक आफ्रिकेतले. म्हणूनच २०२२च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये संघटनेने गोळ्यांच्या जोडीला गोगलगाईंचं नियंत्रणही करा असं सांगितलं आहे. साठ वर्षांनी गाडी पुन्हा ओढ्याकाठी आली म्हणायची. मात्र तिथे आजही वापरतात ते निक्लोसामाइडच. एंडोडवर संशोधन चालू आहे, पण मोठ्या प्रमाणावर ते कुठेच पोचलेलं नाही. आपल्याकडेही गोरखपूर विद्यापीठात गुराढोरांच्या यकृतात कृमी पसरवणाऱ्या गोगलगाईंवर लसूण, कडुनिंब अशा कितीतरी वनस्पतींचे प्रयोग अनेक वर्षं झाले आहेत. प्रयोगशाळेतून ओढ्यापर्यंतची वाटच लांबची आहे.

एक सावधगिरीची सूचना. एंडोडचा अमेरिकन भाऊ पोकवीड आपल्यातल्या अनेकांच्या बॅकयार्डमध्ये कुंपणाशी आपोआप उगवतो. लालसर देठ आणि जांभळ्या फळांचे घोस. दिसायला करवंदासारखी टपोरी, पण विषारी. हा लेख वाचून कोणी प्रयोग करायला जाऊ नये आणि पोरांना तोंडात घालू देऊ नये.

लेम्मा पुढे निघून गेले असते तर? रोज त्या ओढ्यावरून शेकडो माणसं जात होती, मेलेल्या गोगलगाई सगळ्यांनाच दिसत असणार. विचारलं एकाने. तेव्हा मंडळी, या दिवाळीत भारतात फोन लावाल तेव्हा आई-आजीला एवढंच विचारा, की अमुक गोष्टीला तुम्ही काय वापरत होता. झाडाचं नाव, कोणत्या महिन्यात तोडायचं, वाळवायचं की ओलं, कुटायचं की उकळायचं, सगळं तपशिलासकट. त्यातलं खरं किती आणि समजूत किती हे तपासणारं पुढे कोणीतरी भेटेल, कदाचित आपल्याच पोरांपैकी. पण तपासायला ते आधी कागदावर हवं. मी मामींपासून सुरुवात केली आहे. वही निम्मी भरली.